अठ्ठावीस माणसं आणि एक बोट

ईदच्या तिसऱ्या दिवशी आमच्या घराण्याची सहल असते. अब्बा गेल्यानंतर भाईंनी, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, ती सुरू केली. मुंबई, पुणे, कुवेत असे विखुरलेले सगळे ईदला गावी येतात, पण दोन दिवस मोहल्ल्यात गळाभेटी आणि शीरखुर्म्याच्या वाट्यांतच जातात. तिसरा दिवस फक्त आपला, असं भाईंचं म्हणणं. या वर्षी आकडा अठ्ठावीस होता आणि ठिकाण ठरलं वाशिष्ठीची खाडी. चिपळूणपासून खाली दाभोळपर्यंत ही खाडी जाते आणि वरच्या भागात ओहोटीच्या वेळी चिखलाच्या काठावर मगरी ऊन खात पडलेल्या असतात. पोरांना मगरी बघायच्या होत्या.

बोट ठरवायचं काम माझ्याकडे आलं. कारण सांगायला थोडी लाज वाटते. गेल्या वर्षीही ते माझ्याकडेच होतं. तेव्हा मी एका फायबरच्या होडीत सव्वीस जणांना बसवलं होतं. होडीवाला म्हणाला, “बसतील आरामात, घरचीच तर माणसं.” मी मान डोलावली. आरामात कोणीच बसलं नव्हतं. मुलं मांडीवर, बायका एकमेकींना चिकटून, जॅकेटं सीटखाली गाठोड्यात. फुफी तर धक्क्यावरच राहिली. होडीच्या काठावरून पाय टाकून आत उतरणं तिच्या गुडघ्यांना शक्य नव्हतं आणि उचलून न्यायला ती तयार नव्हती. काही झालं नाही. आम्ही हसत परत आलो. मी शाळेत विज्ञान शिकवतो. आर्किमिडीजचं तत्त्व वीसेक वर्षं फळ्यावर लिहितोय. आणि त्या दिवशी होडीचा काठ पाण्यापासून किती वर राहिलाय हे मी एकदाही वाकून बघितलं नव्हतं.

म्हणून यंदा दोन गोष्टी ठरवल्या. फुफी बोटीत येणार, आणि मी मोजणार.

फुफीमुळेच पाँटून बोट पुढे आली. नाव मोठं, वस्तू साधी. दोन लांब बंद नळकांडी, मधे अंतर सोडून समांतर ठेवलेली, त्यांच्यावर सपाट तळ, चारी बाजूंना कठडा, वर छप्पर. तळ धक्क्याच्या उंचीला येतो, कठड्याला फाटक असतं; फळी टाकली की व्हीलचेअर सरळ आत. बुडाशी पाणी फार लागत नाही, त्यामुळे ओहोटीतही खाडीत चालते. शिवाय रुंद असल्यामुळे नेहमीच्या होडीसारखी पाय ठेवताच डुचमळत नाही.

हे न डुचमळणंच फसवं आहे, आणि ते मला नीट समजून घ्यावं लागलं. साधी होडी एका बाजूला कलते तेव्हा माणूस घाबरतो, सावरून बसतो. होडी बोलते म्हणा ना. पाँटून बराच वेळ गप्प राहते. एका बाजूला माणसं वाढली की त्या बाजूचं नळकांडं आणखी बुडतं, आणि जोवर त्याचा काही भाग पाण्याबाहेर आहे तोवर ते बोटीला वर ढकलत राहतं. ते पूर्ण पाण्याखाली गेलं की मात्र द्यायला त्याच्याकडे काही उरत नाही. तिथून पुढे उलटायला वेळ लागत नाही. पुढच्या टोकाला गर्दी केली तरी तेच. नाक खाली जातं आणि पाणी सपाट तळावरून थेट आत येतं.

पहिला बोटवाला खाडीच्या खालच्या अंगाला भेटला. त्याची बोट म्हणजे लोखंडी सांगाड्याखाली बांधलेले प्लास्टिकचे ड्रम होते. वर लाल-पिवळं छप्पर, स्पीकर, आणि छपरावर चढायला शिडी. “वर आठ, खाली बावीस,” तो म्हणाला. मी सर्टिफिकेट विचारलं. तो म्हणाला, घरी आहे. छपरावर माणसं चढवणं म्हणजे वजन उंचावर नेणं. बोट जितकी वर जड, तितकी कलल्यावर सावरायला वाईट. केरळात तानूरला ७ मे २०२३ च्या संध्याकाळी जी दुमजली बोट उलटली ती मुळात मासेमारीची होती, पर्यटकांसाठी बदललेली. बावीस माणसं गेली, त्यांत एकाच कुटुंबातल्या कितीतरी बायका आणि मुलं. सुट्टीचा रविवार होता. ती बातमी आली तेव्हा आमच्या घरी सगळे हळहळले होते. त्यानंतरच मी सव्वीस जणांना होडीत बसवलं, हेही खरं.

दुसरा बोटवाला तरुण, कमी बोलणारा. त्याची बोट अॅल्युमिनियमच्या नळकांड्यांची, सहा मीटर लांब. मी टेप घेऊन गेलो होतो. व्यास साठ सेंटिमीटर भरला. पोरगा हसला, पण त्याने टेपचं दुसरं टोक धरलं. धक्क्यावर बसूनच हिशेब केला. एका नळकांड्याचं आकारमान सुमारे १.७ घनमीटर, म्हणजे दोन्ही पूर्ण बुडाली तर साधारण ३,४०० किलो तोलतील. पण पूर्ण बुडवायची नसतात. सुरक्षित अंदाज असा की भरलेल्या बोटीत नळकांडी निम्मीच बुडावीत. म्हणजे १,७०० किलो. त्यातून बोटीचं स्वतःचं वजन, छप्पर, बाकं, इंजिन, डिझेल धरून नऊशे वजा करा. उरले आठशे. माणशी पासष्ट धरले तर बारा माणसं, चालवणारा आणि त्याचा मदतनीस धरून.

मग त्याने छपराखाली अडकवलेलं सर्टिफिकेट दाखवलं. प्रवासी दहा, कर्मचारी दोन. खरं सांगतो, परीक्षेत उत्तर जुळल्यासारखा आनंद झाला.

त्याने आणखी एक दाखवलं, जे मला सुचलं नसतं. नळकांड्यांवर जागोजाग मुठीने ठोकलं. पोकळ आवाज आला. “आत पाणी शिरलं असेल तर आवाज बद्द येतो, सर.” नळकांडं आतून कप्प्यांत विभागलेलं असावं, एक कप्पा फुटला तरी बाकीचे तरंगत राहतात, हेही त्यानेच सांगितलं. ड्रमवाल्याकडे हे विचारायचं राहूनच गेलं होतं.

पासष्टच्या आकड्यावर मात्र मी घरी येऊन अडलो. मार्च २००४ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरच्या बंदरात ‘लेडी डी’ नावाची पाँटून बोट अचानक आलेल्या वाऱ्यात उलटली. पंचवीस माणसं होती, पाच गेली. बोटीत पंचवीस जणांचीच परवानगी होती, एकही जास्त नव्हता. चौकशीत निघालं की परवानगीच चुकीच्या चाचणीवरून दिलेली होती, आणि माणशी वजन धरलं होतं १४० पौंड, म्हणजे त्रेसष्ट-चौसष्ट किलो. माणसं जाड झाली, नियम जुनाच राहिला. पुढे तिकडे तो आकडा १८५ पौंड, म्हणजे चौऱ्याऐंशी किलो केला गेला. आमच्या कुवेतवाल्या दोन चुलत भावांकडे बघून मी माझा पासष्टचा आकडा खोडला. लहान मुलं आणि मोठी माणसं प्रत्येक फेरीत मिसळायची आणि दहाच्या वर एकही न्यायचा नाही, असं ठरवलं. अठ्ठावीस जण, तीन फेऱ्या.

भाई भडकले.

त्यांचा राग मी समजू शकतो. वर्षातून एक दिवस सगळे एकत्र येतात, आणि मी त्यांचे तीन तुकडे करत होतो. दहा जण पाण्यात, अठरा धक्क्यावर घामाघूम. “मग सहल कसली? एसटीच्या फेऱ्या आहेत या,” म्हणाले. ड्रमवाल्याने त्यांना परस्पर फोन करून ‘तीस जण एकत्र’ असं सांगितलं होतं. शेवटी त्यांनी ते वाक्य टाकलंच, “तुझा अल्लाहवर तवक्कुल नाही का?”

आपल्या लोकांत हे वाक्य आलं की समोरचा गप्प होतो. मीही क्षणभर झालो. पण उत्तर भाईंनीच लहानपणी मला शिकवलेलं होतं. तिर्मिजीतली ती हदीस, ज्यात एक माणूस विचारतो की उंट बांधू की मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू, आणि रसूलुल्लाह त्याला आधी बांध आणि मग भरवसा ठेव असं सांगतात. हे मी बोलून दाखवलं नाही. मोठ्या भावाला हदीस सुनावायची नसते, निदान आमच्या घरात. मी फक्त म्हणालो की फुफीची खुर्ची ड्रमवाल्याच्या बोटीत जात नाही. हे खरं होतं, आणि पुरेसं ठरलं. भाई दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलले.

तिथीला पाऊणपट केलं की भरतीची वेळ निघते, हा कोकणातला जुना हिशेब. आमचे आजोबा तो चांदच्या तारखेवरून करायचे, एक-दोन दिवस पुढे धरून. ईदच्या तिसऱ्या दिवशी दाभोळच्या तोंडाशी भरती दुपारी तीनच्या सुमारास, म्हणजे ओहोटी सकाळी नऊची; वर चिपळूणकडे पाणी त्याहून उशिरा वळतं. मगरी बघायला सकाळच हवी. दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटतो, आणि छपराची सपाट बोट वाऱ्याला शिडासारखी सापडते, म्हणूनही सकाळच बरी. एक नियम बोटवाल्याने सांगितला: पाणी जिकडून येतंय तिकडे आधी जायचं. इंजिन बंद पडलं तर पाणीच धक्क्याकडे परत आणतं. म्हणजे ओहोटी असेतो वर चिपळूणकडे, आणि पाणी वळलं की खाली दाभोळकडे. भाच्यांनी डॉल्फिनचा हट्ट धरला होता, पण ते खाडीच्या तोंडाशी. तिथे समुद्राच्या लाटा आत येतात. ही बोट शांत पाण्याची, तिला तिकडे न्यायचं नाही, हे मी दोन शब्दांत संपवलं.

त्या दिवशी जो प्रश्न उभा राहिला तो माझ्या यादीत नव्हताच. लाइफ जॅकेट सगळ्यांना पुरेशी होती, मुलांच्या मापाचीही. पण पट्टे आवळायचे कोणी? बोटवाल्याचा मदतनीस पुरुषांचे आवळत आला आणि बायकांपाशी येऊन थबकला. त्याची नजर खाली, यांची मान वळलेली. मोठ्या भाभीने जॅकेट बुरख्याच्या आतून घातलं होतं, वरून बरं दिसत नाही म्हणून. सैल जॅकेट पाण्यात पडल्यावर माणसाच्या डोक्यावरून निघून वर येतं आणि माणूस खाली राहतो. बुरख्याच्या आतलं जॅकेट तर कोणाला धरून ओढताही येणार नाही. हे मी भाभीला सांगायचं तर कसं? शेवटी पुण्याला शिकणारी माझी पुतणी पुढे आली. तिने मदतनिसाकडून स्वतःच्या जॅकेटवर एकदा शिकून घेतलं आणि मग एकेकीला पकडून, जॅकेट वरून घालायला लावून, पट्टे असे आवळले की भाभी म्हणाली, “श्वास तर घेऊ दे गं.” ओढण्या आत खोचायला लावल्या, त्या इंजिनाकडे जाऊ नयेत म्हणून. गेल्या वर्षी हे सगळं सीटखालच्या गाठोड्यात होतं.

पहिल्या फेरीत फुफी. फळीवरून खुर्ची आत गेली, चाकांना अडण लावली, आणि ती मधोमध बसली. भाईंनी हात वर करून नूह अलैहिस्सलाम यांच्या कश्तीची दुआ म्हटली आणि बोट निघाली. पाचेक मिनिटांत डाव्या काठावर मगर दिसली. “ती बघ!” म्हणत पोरं उठली, त्यांच्यामागे मोठेही उठले, आणि मी हिशेबात धरलेली गोष्ट डोळ्यांसमोर घडायला लागली. तळ हलकेच डावीकडे कलला. “बसा! सगळे बसा!” पुतणीचा आवाज माझ्याआधी आला. बसले. बोटवाल्याने बोट वळवून दुसऱ्या बाजूच्यांनाही मगर दाखवली. जांभई देऊन ती पाण्यात सरकली.

फुफी मगरीकडे बघत नव्हती. ती बोटवाल्याला विचारत होती, लाँच कुठे लागायची? त्याला कसली लाँच ते कळेना. फुफीचं माहेर खाली दाभोळच्या अंगाला. लग्न होऊन ती लाँचने या खाडीतून वर आली होती, गोवळकोटच्या धक्क्यावर उतरली होती. रस्ते झाले, एसटी आली, लाँच बंद पडली. फुफी माहेरी जात राहिली ती डोंगरातल्या वळणांनी, उलट्या करत. पाण्यावरून परत कधी नाही.

दुसरी फेरी संपेपर्यंत पाणी वळलं होतं. तिसरी खाली जाणार होती. धक्क्यावर सावलीत बसलेली फुफी म्हणाली, “मला पुन्हा बसव.”

मी यादी काढली. तिसऱ्या फेरीत बरोबर दहा होते, त्यात भाई. फुफी धरून अकरा. “एकाने काय होतंय?” हे माझ्याच तोंडावर आलं होतं, शपथेवर सांगतो. भाई जॅकेट घालून फळीवर उभे होते. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, जॅकेट काढलं, मदतनिसाच्या हातात दिलं आणि फुफीची खुर्ची स्वतः ढकलत आत नेली. मग बाहेर येऊन फाटक लावलं आणि बोटीतली माणसं बोटाने मोजली.

बोट खाली, पश्चिमेकडे निघाली. भाई धक्क्यावर बिर्याणीच्या डेगीशेजारी बसले होते. त्यांनी हाक मारून सांगितलं, “तिला उजव्या काठाने न्या, तिकडे वस्ती दिसते.”