दाण्याएवढी फट

दिवाळी सरली की चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावच्या हवेत कोंड्याचा वास भरतो. बांध्यांतलं धान कापून होतं, पुंजणे लागतात, चुरणे उरकतात आणि पोत्यांनी लदलेले ट्रॅक्टर राईस मिलच्या फाटकाशी येऊन थांबतात. मालगुजारी तलावांच्या पाण्यावर पिकलेलं हे धान. आमच्या झाडीपट्टीत जंगल, तलाव आणि धान यांच्यावरच माणसाचं जगणं उभं आहे, आणि या साऱ्याचा तांदूळ होतो तो गिरणीत.

गव्हाच्या चक्कीला दाण्याचं पीठ करायचं असतं. धानाच्या गिरणीला दाणा अखंड ठेवून त्याचं साल तेवढं काढायचं असतं. म्हणून तिची सारी कला जोर आवरण्यात आहे. दोन रबरी रोलर एकमेकांच्या उलट दिशेने फिरतात. एक जलद, दुसरा जरा संथ. मधली फट दाण्याच्या जाडीहून किंचित कमी. भुईमुगाची भाजलेली शेंग तळहातांत चोळावी तसं साल सुटतं. मग पंखा हलकं टरफल उडवून नेतो. वजनाने ते धानाच्या जवळजवळ पाचवा हिस्सा भरतं.

एका जुन्या गिरणीतले मिस्त्री मला फार आवडतात. यंत्राखालून मूठभर माल घेतात, हलकेच फुंकर मारतात आणि तळहातावर बोटाने दाणे पसरतात. अख्खे किती, कनकी किती, न सोललेलं धान किती, हे एका नजरेत. मग हँडलला जेमतेम पाव फेरा. “जास्त आवळलं का दाना फुटते जी, ढिल्लं सोडलं का धानच्या धान निंगते,” ते म्हणतात. धानाचं वाण बदललं की फट पुन्हा लावावी लागते. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ साली ‘पटेल-३’च्या शेतात वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या हेरल्या आणि त्यांतून एचएमटी हे बारीक वाण वाढवलं. शेतकऱ्याच्या नजरेने निवडलेल्या त्या दाण्यापुढे गिरणीलाही आपला हात हलका करावा लागतो.

इंग्लंडच्या जुन्या पवनचक्क्यांबद्दल वाचताना मला हेच मिस्त्री आठवतात. बाराव्या शतकापासून तिथे वाऱ्यावर धान्य दळलं जात होतं. सुरुवातीच्या चक्कीचं अख्खं लाकडी घर एका जाड खांबावर तोललेलं असे. वारा फिरला की मागचा लांब दांडा ढकलून माणूस ते घरच वाऱ्याकडे फिरवी. १७४५ मध्ये एडमंड ली याने मागे एक छोटा पंखा बसवण्याचं पेटंट घेतलं आणि चक्की आपली आपण वाऱ्याला सामोरी जाऊ लागली. आत मात्र प्रश्न फटीचाच होता. वारा वाढला की दगड वेगाने फिरे, वरची तळी उचलली जाई आणि पीठ जाडं पडे. १७८७ साली थॉमस मीडने फिरत्या गोळ्यांचा नियंत्रक पेटंट केला. वेग वाढताच तो तळ्या जवळ आणू लागला. पुढे जेम्स वॉटने त्याच जातीचा नियंत्रक वाफेच्या इंजिनाला लावला. आमच्याकडे वाऱ्याने चक्की ओढली नाही. वावडीवर उभ्या बाईच्या सुपातून पडणाऱ्या धानातलं फोल त्याने वेगळं केलं, आणि ते काम मला तेवढंच थोर वाटतं.

जोर आवरता आला नाही की काय होतं, हेही तांदळाच्याच इतिहासात आहे. उखळ-मुसळाने कांडलेल्या तांदळावर तांबूस कोंडा राहत असे. १८८५ च्या सुमारास ब्राझीलमध्ये एंगेलबर्ग यांनी लोखंडी हलर बनवला आणि पुढे तो जगभरच्या भातपट्ट्यांत गेला. त्यात टरफलाबरोबर कोंडाही रगडून निघे. तांदूळ पांढराशुभ्र झाला. त्याच काळात जावामध्ये डॉक्टर आइकमन यांना दिसलं, की घासून पांढऱ्या केलेल्या तांदळावर वाढवलेल्या कोंबड्या लुळ्या पडतात आणि कोंडा दिला की उभ्या राहतात. या शोधाच्या वाटेवर पुढे ब१ जीवनसत्त्व सापडलं. १९२९ च्या नोबेलमध्ये आइकमन यांचा वाटा होता. वर्ध्यात १९३४ नंतर ग्रामोद्योग संघाने हातसडीच्या तांदळाचा आग्रह धरला, त्यामागे हीच काळजी होती.

आज कॅमेऱ्याने रंग ओळखून दाणे निवडणारी यंत्रं आली आहेत. आंधळेपणाने जोर लावायचं कारण आता उरलेलं नाही. तांदूळ किती घासायचा, हे आता गिऱ्हाइकाची मागणी ठरवते. मूलच्या गिरण्यांना हवं तेवढं थांबता येतं. पांढऱ्या रंगाचा हट्ट सोडून थोडा कोंडा राहिलेला तांदूळ आपणच मागायला हवा. तलाव राखणाऱ्यांनी, वाण निवडणाऱ्यांनी आणि पाव फेऱ्याने दाणा वाचवणाऱ्यांनी जे जपलं, ते शेवटच्या घासणीत गमावू नये.