कागदी बटणे

प्रोग्रामर नावाच्या माणसाविषयी मला आदर आहे, आणि थोडी असूयाही! शाळेच्या संकेतस्थळावर पालकांनी कुठे बोट ठेवले म्हणजे मुलाची हजेरी दिसावी, हे मला पक्के ठाऊक असते. पण ते करून दाखवायचे तर आधी त्याची भाषा शिका! घर कसे हवे हे सांगायला कुणी गवंडीकाम शिकते काय?

म्हणूनच बिल अ‍ॅटकिन्सन हा गृहस्थ मला आपला वाटतो. १९८७ साली त्याचे ‘हायपरकार्ड’ मॅकिंटॉश संगणकावर आले. पडद्यावर कार्डांची चळत. कार्डावर बटण काढायचे आणि ते दाबल्यावर कोणते कार्ड उघडावे ते ठरवायचे. आज्ञाही साध्या बोलीतल्या : पुढच्या कार्डावर जा! शिक्षकांनी त्यात धडे रचले. १९९३ चा ‘मिस्ट’ हा गाजलेला खेळही त्यातच घडला. २००४ मध्ये त्याची विक्री थांबली.

पण युक्ती मेली नाही. जाणकार आजही पुष्कळदा आधी कागदावरच पडदे काढतात. एकजण संगणक होऊन बसतो. समोरच्याने कागदी बटणावर बोट ठेवले की मुकाट्याने पुढचा कागद सरकवतो. एखाद्या आजीचे बोट भलतीकडे गेले, तर चूक आजीची नव्हे, कागदाची. आणि कागद फाडायला कितीसे धैर्य लागते? तयार झालेली वस्तू मोडायला मात्र कुणी धजत नाही. मग आजीलाच अडाणी ठरवतात.

आकाशकंदिलाच्या कामट्या वाकड्या बसल्या, तर त्या कागद चिकटवण्यापूर्वीच सोडवाव्यात, हे आपल्या घरातल्या पोरांनाही कळते!