मोहाच्या झाडाखाली

मैत्रिणींनो, माहूरला रेणुकामातेच्या दर्शनाला आपण जातो ते बहुधा नवरात्रात. रांग, ओटी, पायऱ्या, की लगेच परतीची एसटी! पण एकदा चैत्रात जाऊन पाहा. लातूरकडच्या बायकांना तर माझा आग्रहच आहे, कारण तिकडे जंगल म्हणजे नावालाच. नांदेडहून निघालेली गाडी भोकर, हिमायतनगर मागे टाकून किनवटकडे वळली, की मुलखाचा नूरच पालटतो. काळी रानं संपतात, टेकड्या सुरू होतात, निष्पर्ण साग आणि मधूनच पैनगंगेचं पात्र. हा किनवटचा भाग पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात होता, १९५६ साली तो नांदेडला जोडला गेला. म्हणून तर इथल्या बाजारात मराठीबरोबर गोंडी, तेलुगू आणि बंजारा बोली सहज कानावर पडते.

याच दिवसांत इथे मोह फुलतो. फुलं कसली, पिवळसर पांढरे, मांसल, रसाळ मणीच ते! रात्री उशिरापासून सकाळपर्यंत टपटप गळतात. गोंड, कोलाम, आंध घरांतल्या बायका नि पोरं टोपल्या घेऊन उजाडायच्या आतच झाडाखाली हजर. वाळवलेली फुलं मनुकांसारखी दिसतात. ती कुणी भाजून खातं, कुणी भाकरीच्या पिठात घालतं, उरलेली बाजारात जातात. बियांचं तेल निघतं ते वेगळंच. दोन-तीन आठवड्यांच्या या वेचणीवर घरातलं मीठमिरची नि पोरांचे कपडे अवलंबून असतात.

पण या झाडाला आणखी एक गिऱ्हाईक आहे, ते म्हणजे अस्वल! “मोह खाऊन अस्वल झिंगतं, लोळतं,” असं तुम्हीही ऐकलं असेल. मोहफुलं वेचणाऱ्या एका म्हातारीला मी हे विचारलं, तर ती खुदकन हसली. म्हणाली, “अस्वल कुठं पिऊन पडतंय बाई? पडणारे आमच्या घरातच हायेत.”

तिचं म्हणणं खरंच आहे. ताज्या फुलात असते ती साखर, दारू नव्हे. आपलं इडलीचं पीठ कालवल्याबरोबर फुगतं का? त्याला रात्र जावी लागते. तसंच मोहाचं. फुलं पाण्यात काही दिवस भिजून आंबली, तरच त्यांत मद्य तयार होतं. अस्वल बिचारं गोडासाठी येतं, जसं ते मधासाठी, जांभळा-बोरांसाठी जातं.

आंबलेलं आयतं सापडलं तर गोष्ट निराळी. नोव्हेंबर २०२२ मध्ये ओडिशातल्या केओंझर जिल्ह्यात गावकऱ्यांनी जंगलात मोहफुलं भिजत घातली होती. सकाळी जाऊन पाहतात तो मडकी फुटलेली आणि जवळच २४ हत्ती गाढ झोपलेले! शेवटी ढोल वाजवून त्यांना उठवावं लागलं. तरी ते प्यालेच होते, असं काही वनखात्यानं ठामपणे म्हटलं नाही. आफ्रिकेतले हत्ती मारुलाची फळं खाऊन झिंगतात, ही कथाही जगभर गाजली. ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी २००६ साली हिशेब मांडून दाखवलं, की तेवढी नशा चढायला हत्तीला नेहमीच्या खाण्याच्या कित्येक पट फळं खावी लागतील.

मग किनवटच्या बायकांना भीती कशाची? शुद्धीवर असलेल्या अस्वलाची! त्याचं नाक तिखट, पण नजर अधू. मान खाली घालून फुलं मटकावताना त्याला माणसाची चाहूल लागत नाही. अंधारात बाई अचानक समोर आली, की ते घाबरतं आणि तोंडावर, डोक्यावर झडप घालतं. ‘नशेतलं अस्वल’ म्हणून आपण हसतो खरं, पण एखादीचा डोळा त्यात कायमचा जातो.

उपाय साधेच आहेत, बरं का. एकटीनं जायचं नाही, चार-पाच जणींनी मिळून, मोठ्यानं बोलत जायचं. चांगलं दिसू लागल्याखेरीज झाडाखाली शिरायचं नाही. झाडाखाली जाळी बांधली, तर फुलं जमिनीला लागत नाहीत, वाकून वेचत बसायला नको, आणि पाचोळा पेटवून जंगलाला आग लागण्याचं भयही टळतं. दुर्दैवानं इजा झालीच, तर दवाखान्याइतक्याच तातडीनं वनखात्याला कळवायचं. अस्वलाच्या हल्ल्यात सरकारी भरपाई मिळते, हे पुष्कळ घरांना ठाऊकच नसतं.

म्हणून म्हणते, चैत्रात माहूरला गेलात, तर वाटेवरच्या बाजारात मूठभर वाळलेली मोहफुलं जरूर घ्या. पुरणासारखी शिजवून गुळाऐवजी वापरून पाहा. भाव करताना मात्र फार घासाघीस करू नका. ती फुलं कुणीतरी पहाटे, कान टवकारून वेचलेली असतात.