नांदेड–कोल्हापूर : हवेत सव्वा तास, पण घरापासून घरापर्यंत?

माझी बहीण कोल्हापूरला दिलीय आणि आम्ही नांदेडचे. त्यामुळे 'विमान असतं तर तासाभरात पोचलो असतो' हे वाक्य आमच्या घरात दर लग्नसराईला निघतंच. एकदा म्हटलं, गणित मांडूनच बघू.

रस्त्याने सोलापूर, तुळजापूर, लातूर करत हे अंतर साधारण ५०० किलोमीटर. म्हणजे अख्खी रात्र बसमध्ये. दोन्ही विमानतळांमधलं सरळ रेषेतलं अंतर मात्र सव्वाचारशेच्या आसपास.

छोट्या मार्गांवर चालणारं पंख्याचं एटीआर विमान ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास उडतं. हवेत पन्नास मिनिटं, त्यात धावपट्टीवरचं फिरणं, चढणं-उतरणं धरा. झाला सव्वा तास. जेट आणलं तरी तास लागतोच. एवढ्या जवळच्या अंतरात जेटचा वेग कामाला येईपर्यंत उतरायची वेळ होते.

आता घरापासून धरा. विमानतळ गाठायला अर्धा तास, तासभर आधी हजर, उतरल्यावर सामान, मग उजळाईवाडीहून कोल्हापूर शहरात. चार तास कुठे गेले नाहीत. तरीही बसपेक्षा कितीतरी बरं, हे मान्यच! पण हैदराबादमार्गे जायचं म्हटलं तर हवेतलंच अंतर ७०० किलोमीटरच्या घरात जातं आणि पुढच्या विमानाची वाट बघण्यात दिवस मोडतो.

मंडळी, खरा प्रश्न किलोमीटरचा नाहीच. वडील आजारी पडले तेव्हा बहीण संध्याकाळी निघाली ती दुसऱ्या दिवशी सकाळी पोचली. आठवड्यातून तीनच दिवस, तेही दुपारी सुटणारं विमान असतं, तर त्या रात्री तिने बसच धरली असती. ज्या दिवशी विमान नाही, त्या दिवशी सव्वा तासाला काय अर्थ?

'उडान' योजनेतल्या अगदी पहिल्या विमानांत नांदेड–हैदराबाद होतं, एप्रिल २०१७ मध्ये. तासाभराच्या प्रवासाला २,५०० रुपये, हे तेव्हाचं आकर्षण. योजनेत कंपनीला तीन वर्षं अनुदान मिळतं, पुढे तिचं ती बघते. पुढे काय होतं, ते कॅगच्या २०२३ च्या अहवालात आहे. 'उडान-३' पर्यंत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत. तीन वर्षं पूर्ण केली फक्त ११२ मार्गांनी, आणि त्यानंतर मार्च २०२३ पर्यंत टिकले ५४.

म्हणून उद्या कुणी 'अमुक शहर तासाभरावर आणलं' असं सांगितलं, तर टाळ्या वाजवा, पण चार प्रश्नही विचारा. आठवड्यातून किती दिवस? सुटायची वेळ काय? विमानतळावरून शहरात यायला एसटी किंवा सिटी बस आहे का? आणि अनुदान संपल्यावर विमान राहणार का?

कोल्हापूरचा विमानतळ १९३९ चा. नांदेडचा २००८ च्या गुरुता गद्दी सोहळ्याच्या वेळी नव्याने उभा राहिला. धावपट्ट्या आहेत. इकडे हुजूर साहिब आणि माहूर, तिकडे अंबाबाई, म्हणजे माणसंही आहेत. आता वेळापत्रक मागू या. रोजचं, आणि टिकणारं.

तुमच्या गावाहून सगळ्यात अवघड प्रवास कुठला? कमेंटमध्ये लिहा. किलोमीटर नको, तास लिहा.