साडेचार गुणिले शंभर

मे १९९९. डोंबिवलीतली गच्चीखालची खोली, पत्र्यासारखी तापलेली, आणि टेबलावर उघडं कॅबिनेट. आत लॅमिंग्टन रोडवरून आणलेला इंटेलचा सेलेरॉन ३०० ए. त्याचं गणित तेव्हा आम्हा हौशी पोरांना पाढ्यासारखं पाठ होतं: बसचा वेग ६६ मेगाहर्ट्‌झ, गुणक साडेचार, झाले ३००. गुणकाला कंपनीने कुलूप घातलेलं, पण बसचा वेग मदरबोर्डच्या हातात. तो १०० केला की थेट ४५०! तेवढ्या वेगाचा पेंटियम टू आमच्या घरात येणं शक्यच नव्हतं.

स्वस्तातल्या चिपला हे झेपायचं, त्यालाही कारण होतं. पेंटियम टूची कॅश चिपच्या बाहेर, निम्म्या वेगाने चालणारी. सेलेरॉनची १२८ केबीच, पण चिपच्या पोटात आणि पूर्ण वेगाची. बाहेरच्या कॅशचं लोढणं त्याच्या गळ्यात नव्हतं.

अबिटच्या बीएच६ बोर्डावर जम्परशी झटापट नव्हती, सगळं बायोसमध्ये. १०० निवडलं, सेव्ह केलं. एक बीप. पडद्यावर ४५०. मी आईला ओढत आणलं. तिने आकडा बघितला, ‘बरं’ म्हणाली आणि कुकर उतरवायला गेली.

सुपर पाय लावला, पायचे दशांश काढत बसणारा प्रोग्रॅम. दहा मिनिटांत मशीन हँग.

मग मी शहाणपणा केला. १०० जड जातंय तर ८३ घेऊ, मधला मार्ग. सगळ्यात वाईट निर्णय. हार्डडिस्क ज्या पीसीआय बसच्या जिवावर चालते तिला ३३ची सवय. ६६ला दोनने भागलं की ३३, १००ला तीनने भागलं की ३३. ८३ला मात्र दोननेच भागलं जातं, म्हणजे साडेएकेचाळीस. प्रोसेसर मजेत, डिस्क मेटाकुटीला. विंडोज ९८च्या फायली खराब झाल्या आणि रविवार सगळं पुन्हा घालण्यात गेला. ओव्हरक्लॉकिंगमध्ये थोडं कमी म्हणजे थोडं सुरक्षित, असं नसतं.

खरा दोष माझ्या हाताचा होता. हीटसिंक काढला तर पेस्ट भाकरीवर लोणी थापावं तशी थापलेली. एवढा जाड थर उष्णता नेण्याऐवजी अडवतोच. सगळी पुसली. मुगाच्या दाण्याएवढी घेऊन जुन्या व्हिजिटिंग कार्डाच्या कडेने ओढली, खालचा धातू दिसेल न दिसेल इतकी. आज दुकानात नव्या पोराचा हात मी याच एका कामावरून जोखतो.

व्होल्टेज २.० वरून २.१ केलं. आकडा किरकोळ वाटतो, पण उष्णता व्होल्टेजच्या वर्गाने वाढते. त्यात वेग दीडपट. हिशेब केला तर चिप आधीच्या सुमारे १.६५ पट तापणार होती. रात्रभर सुपर पाय चालला, सकाळी उत्तर बरोबर. मी जग जिंकलं. दुपारी दोनला पुन्हा हँग.

शेवटी कॅबिनेटची बाजू उघडी टाकून टेबलफॅन लावला. मशीन सुतासारखं सरळ. आईने दारातूनच विचारलं, “पंखा माणसांसाठी आणलाय की पेटीसाठी?”

तोडगा निघाला. बायोसमध्ये ११२ खुणावत होतं, पण तिकडे फिरकलो नाही. मेअखेरपर्यंत रात्री १००, दुपारी दोन ते पाच ६६. आणि त्या तीन तासांत पंखा आईच्या उशाशी.