सफरीत चूल कोणी पेटवायची? हॉटेल की अपार्टमेंट

वाशीम जिल्ह्यातल्या आपल्या घरांमध्ये "सुट्टीत एखादे मोठे शहर बघून येऊ" असा विषय निघाला की हैदराबादचे नाव हमखास पुढे येते. अकोला-पूर्णा रेल्वेमार्ग 2008 मध्ये ब्रॉडगेज झाला आणि वाशीमहून हिंगोली, पूर्णा, नांदेड करत थेट काचीगुड्याला उतरणे सोपे झाले. बोली ओळखीची, जेवण हलाल, जागोजागी मशिदी. त्यामुळे दादीपासून नातवापर्यंत सगळे एका पायावर तयार असतात. गाडी अडते ती एकाच प्रश्नापाशी : राहायचे कुठे?

आपल्या आधीच्या पिढीला हा प्रश्न फारसा पडला नाही. शहरात खाला किंवा फुफी असायची आणि बिस्तरा तिच्या दारात टाकला की झाले. मंगरूळपीरला हयात कलंदर यांच्या उर्साला पाहुणे आले की आपणही गच्चीवर सतरंज्या अंथरतोच. पण शहरातली खाला आज दोन खोल्यांत राहते. मेहमानी तीन दिवसांची, आणि मेहमानाने यजमानाला अडचणीत टाकू नये, ही नबी (स.) यांची शिकवण आपल्याला ठाऊक आहे. तिथे सात माणसांनी चार रात्री मुक्काम ठोकणे बरे दिसत नाही. ज्यांचे शहरात कोणी नव्हते, त्यांच्यासाठी सराया आणि मुसाफिरखाने होते. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्याचे नाव हजला जाऊन आलेल्या जुन्या माणसांच्या तोंडून अजून ऐकू येते.

आता मोबाइलवर दोन रस्ते दिसतात. एक हॉटेलचा. दुसरा अपार्टमेंटचा, म्हणजे रोजाच्या भाड्याने मिळणाऱ्या सजवलेल्या फ्लॅटचा. त्यात दोन-तीन खोल्या, बैठक, फ्रिज आणि गॅस असतो. बहुतेक घरांत निर्णय एका वाक्यात होतो : "फ्लॅट घेऊ, स्वस्त पडेल, जेवण घरीच बनवू." हे वाक्य जरा थांबून तपासावे, यासाठी हा लेख.

हिशेब कागदावर

समजा घरात सात माणसे आहेत : दादी, अम्मी-अब्बा, मुलगा-सून आणि दोन नातवंडे. मुक्काम चार रात्रींचा. मध्यम हॉटेलात खोलीला रोजचे 1,800 रुपये धरले तर तीन खोल्यांचे चार रात्रींचे 21,600 रुपये होतात. सप्टेंबर 2025 पासून रोज 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर 5 टक्के जीएसटी आहे. तो मिळवला की आकडा 22,680 वर जातो. दोन बेडरूमचा फ्लॅट करासह रोज 4,000 रुपयांना मिळाला तर 16,000 रुपये, वर साफसफाईचे 1,000 धरा. एकूण 17,000. म्हणजे राहण्यात 5,680 रुपये वाचले. सकाळचा नाश्ता आणि रात्रीचे जेवण फ्लॅटवर केले तर आणखी काही हजार वाचतील.

आता याच कागदाच्या मागच्या बाजूला दुसरा हिशेब लिहा. सात माणसांचा नाश्ता म्हणजे चहा, पराठे, अंडी आणि मग भांडी. त्यात सकाळचे तीन तास जातात. रात्री बाजारहाट, सालन-रोटी आणि पुन्हा भांडी, आणखी तीन तास. दिवसाचे सहा, चार दिवसांचे चोवीस. चार दिवसांच्या सहलीतला एक अख्खा दिवस अनोळखी चुलीपुढे गेला. तो कोणाचा गेला, हे सांगायची गरज नाही. गोवळकोंड्याच्या पायऱ्या चढून आल्यावर सगळे पंख्याखाली आडवे होतात आणि एकटी सून किंवा अम्मी ओढणी सावरत ओट्याकडे वळते. वाचलेले पैसे तिच्या सुट्टीतून वाचलेले असतात, फक्त ते कोणी लिहून ठेवत नाही.

शरीअतने मुसाफिराला किती सवलत दिली आहे पाहा. हनफी मसलकाप्रमाणे साधारण 78 किलोमीटरपलीकडचा प्रवास असेल आणि एका ठिकाणी पंधरा दिवसांपेक्षा कमी राहण्याचा इरादा असेल, तर चार रकअतींची फर्ज नमाज दोन रकअतींची होते. रमजानचा रोजाही नंतर ठेवण्याची मुभा आहे. सफर थकवते, हे मान्य करूनच ही सवलत आहे. फर्ज नमाजेत कसर होते, मग घरच्या बाईच्या स्वयंपाकात का होऊ नये? नबी (स.) स्वतः घरकामात हात लावत असत, हे हजरत आयेशा (रजि.) यांनी सांगितलेले आपण व्याख्यानांत अनेकदा ऐकतो. सफर ही ते आचरणात आणायची चांगली संधी आहे.

अपार्टमेंट केव्हा बरे?

याचा अर्थ फ्लॅट वाईट असा नाही. सात माणसे हॉटेलात तीन खोल्यांत वाटली जातात. दादी एकीकडे, नातवंडे दुसरीकडे. फ्लॅटमध्ये बैठक असते. इशा झाल्यावर सगळे एकत्र बसतात, जमात करता येते, परदा सांभाळणाऱ्या बायका मोकळेपणाने वावरतात. शुगरचा रुग्ण असेल तर त्याला वेळेवर बिनमसाल्याचे काही देता येते. लहान बाळाचे दूध रात्री दोन वाजता गरम करता येते. इलाजासाठी गेलेल्या कुटुंबाला तर आठ-दहा दिवस राहावे लागते. तिथे फ्लॅट हाच सोयीचा. पाच किंवा अधिक माणसे, तीनपेक्षा जास्त रात्री, सोबत म्हातारे माणूस किंवा तान्हे बाळ, असे असेल तर फ्लॅटचा विचार जरूर करावा.

फक्त बुकिंग करण्याआधी एक करार घरातच करावा : गॅस चहा, दूध आणि आजाऱ्याच्या खिचडीपुरता पेटेल, बाकी जेवण बाहेरून येईल. हैदराबादेत हे अवघड नाही. सकाळी नहारी-कुलचे, दुपारी बिर्याणी, हे सगळे आणणे घरातल्या तरुण मुलांचे काम. हलाल मिळेल की नाही, या काळजीने स्वयंपाकघर शोधावे असे हे शहर नाही. अनोळखी शहरात ती काळजी खरी असू शकते. तिथे चूल लागेल, पण मग पाळ्याही लागतील. एक दिवस अब्बांनी भांडी घासली तर मुलांना तीही एक शिकवण मिळते.

दोन-तीन माणसे आणि एक-दोन रात्री असतील तर सरळ हॉटेल घ्यावे, शक्यतो नाश्ता धरून. चादर कोणीतरी बदलते, रात्री नळ बिघडला तर खाली माणूस असतो. या दोहोंमधला प्रकार म्हणजे सर्व्हिस अपार्टमेंट. तिथे छोटे स्वयंपाकघर असते, शिवाय काउंटर आणि साफसफाईही असते. टोलीचौकी भागात अशा जागा बऱ्याच आहेत आणि गोवळकोंडाही तिथून जवळ पडतो.

नावाचा प्रश्न

एक गोष्ट आपल्यासारख्यांना लपवता येत नाही. काही शहरांत फ्लॅटचे बोलणे ठरत आलेले असते, नाव कळते आणि निरोप येतो : "सोसायटीला चालत नाही." मुलांसमोर हे ऐकणे फार लागते. इथे हॉटेल आणि फ्लॅट यांच्यात फरक आहे. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद 15(2) नुसार दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांत प्रवेशासाठी धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणाने कोणाही नागरिकाला अडवता येत नाही. हॉटेलचे दार हे सार्वजनिक दार आहे, तिथे आपण हक्काने उभे राहतो. खाजगी घराच्या आणि सोसायटीच्या बाबतीत कायद्याची वाट इतकी सरळ नाही. म्हणून फ्लॅट घेताना खरे नाव, माणसांची संख्या आणि मांसाहार चालतो का, हे आधीच विचारून उत्तर लेखी घ्यावे. रात्री सामान आणि मुले घेऊन दारात उभे राहण्यापेक्षा आठ दिवस आधी नकार मिळालेला बरा. आणि हॉटेलने नावावरून नकार दिला तर निमूट परत फिरू नये. नकाराचे कारण लेखी मागावे.

निघण्याआधी विचारायचे

लिफ्ट आहे का? दादीच्या गुडघ्यांना हा पहिला प्रश्न. कमोड आहे का, शौचालयात पाण्याचा फवारा आहे का, गरम पाणी किती वाजेपर्यंत येते? गाडी पहाटे पोहोचत असेल आणि खोली दुपारी बारानंतर मिळणार असेल तर मधले तास कुठे काढायचे? अशा वेळी स्टेशनजवळचे चोवीस तासांच्या हिशेबाचे हॉटेल सोयीचे. सगळ्या मोठ्या माणसांची मूळ ओळखपत्रे सोबत ठेवावीत. फ्लॅट असेल तर अनामत रक्कम, साफसफाईचा आकार आणि रद्द केल्यास किती पैसे परत, हे आधी वाचून घ्यावे. किब्ला आपल्याकडच्यासारखाच, पश्चिमेला थोडा उत्तरेकडे झुकलेला. मुसल्ले घरून न्यावेत.

जागा निवडताना फिरण्याचे ठिकाणही पाहावे. नामपल्लीला मेट्रोचे स्टेशन आहे, पण चारमिनारपर्यंत मेट्रो अजून पोहोचलेली नाही. रोज लाड बाजारात जायचे असेल तर जुन्या शहराजवळ राहावे. शांत झोप हवी असेल तर थोडे दूर. सालारजंग संग्रहालय आणि चौमहल्ला राजवाडा शुक्रवारी बंद असतात. म्हणून शुक्रवार मोकळा ठेवून मक्का मशिदीत जुमा अदा करावा आणि शेजारीच 1591 चा चारमिनार निवांत पाहावा.

शेवटी, घर चालते ते मशवऱ्याने. बुकिंगचे बटण दाबण्याआधी घरातल्या प्रत्येकाला विचारा : तुला या चार दिवसांत काय हवे आहे? हा प्रश्न सर्वांत आधी तिला विचारा, जी एरवी "तुम्ही ठरवाल ते" म्हणून गप्प बसते. तिचे उत्तर आले की हॉटेल घ्यायचे की अपार्टमेंट, हे ठरवायला फार वेळ लागणार नाही.