हिरवा हौद

सावेडीतल्या आमच्या घरामागं सासऱ्यांनी बांधून घेतलेला एक हौद आहे. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, अडीच फूट खोल. काठोकाठ भरला तर सव्वाचार हजार लिटर पाणी मावतं. गच्चीवर टाक्या आल्या तशी त्याची गरज संपली. पावसाचं पाणी साठून त्यात डास व्हायला लागले, म्हणून मी आठ गोल्डफिश सोडले. आठवड्याभरात पाण्यात एक अळी दिसेना.

मार्चमध्ये ऊन तापलं आणि पाणी हिरवं झालं. आधी फिकट, मग पालकाच्या पातळभाजीसारखं. मासा अगदी वर आला तरच त्याची नारिंगी पाठ दिसायची. मी हौद उपसला, भिंती ब्रशनं खसाखसा घासल्या, नळाचं ताजं पाणी भरलं. दहा दिवसांत पुन्हा तेच. असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळी सासूबाई मागच्या पायरीवर बसून बघत होत्या. त्यांचं माहेर पाथर्डीकडचं. "अगं, आम्ही टँकर आला की हंडे घेऊन पळायचो," एवढंच म्हणाल्या. मला फार लाज वाटली. मुळा धरणातून इतक्या लांब येणारं पाणी मी गटारात सोडत होते.

मग मामांचा उपाय केला. त्यांचं पारनेरला शेततळं आहे. ठिबकमध्ये शेवाळ अडकू नये म्हणून ते फडक्यात मोरचूद बांधून पाण्यातून फिरवतात. मीही तसंच केलं, प्रमाण मात्र अंदाजानं. दोन दिवसांत हिरवा रंग जाऊन पाणी मातकट झालं आणि मला वाटलं, जमलं. तिसऱ्या दिवशी पहाटे पाचला पाहते तर मासे वर तोंड काढून हवा गिळत होते. दोन आडवे पडलेले. उजाडेपर्यंत मी तांब्या तांब्यानं पाणी उंचावरून ओतत राहिले. सहा वाचले.

मोरचुदातलं तांबं माशांच्या कल्ल्यांना इजा करतं. शिवाय एवढं शेवाळ एकदम मेलं की ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो. तो मुळातच उन्हाळ्यात कमी असतो: २० अंशांच्या पाण्यात लिटरमागं सुमारे ९ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांच्या पाण्यात साडेसात. रात्री उजेड नसल्यानं उरलेलं शेवाळही तो तयार करत नाही, उलट वापरतं. म्हणून पहाटेची वेळ सर्वांत वाईट. मामांच्या तळ्यात मासे नव्हतेच, हे विचारायचं मला सुचलं नव्हतं. ते दोन मासे माझ्या घाईनं गेले.

त्यानंतर मी वाचायला बसले. हिरवं पाणी म्हणजे डोळ्यांना सुटं न दिसणारं, तरंगणारं शेवाळ. त्याला ऊन लागतं आणि खाद्य लागतं. ते खाद्य मीच घालत होते, दिवसातून तीनदा मूठभर. गोल्डफिशला जठर नसतं. दिलं की खातो आणि लगेच बाहेर टाकतो. त्या घाणीतून अमोनिया तयार होतो. भिंतींवरच्या बुळबुळीत थरातले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि ते पाणवनस्पती शोषून घेतात. मी मळ समजून दरवेळी घासून काढत होते तो हाच थर. त्यातून जे जिवाणू वाचत, ते नळाच्या पाण्यातल्या क्लोरीननं मरत.

एप्रिलच्या शेवटी ब्रश ठेवून दिला. कुमुदिनीच्या दोन कुंड्या पाण्यात उतरवल्या, पश्चिमेला शेडनेट बांधलं, थर्माकोलच्या तुकड्यांत वाळ्याची रोपं खोचून तरंगत सोडली. खाद्य दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. एका बादलीत जाड स्पंज आणि खडी भरून छोट्या पंपानं त्यातून पाणी फिरवलं. स्पंज धुवायचा तो हौदातल्याच पाण्यात. आठवड्याला चारशे लिटर पाणी काढून लिंबाला आणि जास्वंदीला घालायचं, आणि पिंपात दिवसभर उघडं ठेवलेलं पाणी हौदात भरायचं. वाऱ्या-उन्हानं पातळी दोन बोटं उतरली तरी नुसती भर घालून भागत नाही. पाणी उडून जातं, क्षार मागं राहतात.

आणि मग थांबायचं. तेच सगळ्यांत जड गेलं. तिसऱ्या आठवड्यात पाणी आणखीच गडद झालं. रोज सकाळी पांढरी बशी पाण्यात बुडवून ती किती खोलवर दिसते ते पाहायचे. वीतभरही दिसत नसे. दोनदा हात पंपाच्या नळीकडे गेला, दोनदा मागं घेतला.

जूनच्या मध्यात, पहिल्या दोन सरींनंतर, बशी तळापर्यंत दिसली. सहाही मासे कुमुदिनीच्या पानाखाली सावलीत उभे होते. सासूबाईंना हाताला धरून आणलं. त्या काठावर वाकून बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "ही काळी पिल्लं कुठून आणलीस?"

वाळ्याच्या मुळांत नखाएवढे, करडे मासे हलत होते. गोल्डफिशची पिल्लं जन्मतः सोनेरी नसतात, रंग मागाहून चढतो. मुळांना चिकटलेली अंडी मला कधी दिसलीच नव्हती. आणि पिल्लांचं पहिलं खाणं असतं ते हिरव्या पाण्यातले सूक्ष्म जीव. ज्या गढूळपणावर मी तीन महिने डोळे वटारले होते, त्यानंच त्यांना खाऊ घातलं होतं आणि मोठ्या माशांच्या नजरेपासून लपवलंही होतं.

सासूबाईंनी बोटानं मोजली. अकरा. मग म्हणाल्या, थांब, आणखी एक आहे, त्या मुळामागं.